मागच्या खोलीतले साडेतीनशे वॅट

ता. ३, मंगळवार

सौर पॅनेल आली. सहा. टेम्पोवाल्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारलं, "बसवायला कोण येणार?"

"मी."

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "तसं नाही हो मावशी. माणूस कोण येणार?"

दहा मिनिटं उभं करून त्याला माणूस म्हणजे कोण ते ऐकवलं. शेवटी वन्सं दारातून म्हणाल्या, "अगं सोड त्याला. गाडीचं इंजिन चालू आहे त्याच्या." वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचे यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात आणि माझी भाषणं फुकट ऐकतात.

हा उद्योग कशासाठी, ते एकदाच लिहून ठेवते. गेल्या उन्हाळ्यात वीज कंपनीने आमच्या भागाची वीज रोज नऊ-नऊ तास घालवली. मी दोनशे लोक घेऊन त्यांच्या ऑफिसवर गेले. तिथला साहेब खुर्चीतून न उठता म्हणाला, "एवढं असेल तर स्वतःची वीज बनवा ना, बाई." त्याचे कारकून हसले. खरं लिहायचं तर माझ्या माणसांतलेही चार-पाच हसले.

ठीक आहे, बनवते. गेल्या महिन्यात सभागृहात उभी राहून जाहीर केलं, की या अठ्ठावीस तारखेला, शनिवारी सकाळी दहाला, सभा भरवून कंपनीचा मीटर माझ्या भिंतीवरून सगळ्यांच्या देखत उतरवला जाईल. जोडणी कायमची तोडण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. तीस घरांनी हात वर केले. तुमचं घर तारेशिवाय चाललं तर आम्हीही तोडू म्हणाले. पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई तर उभी राहून म्हणाली, "मी तुमच्या पाठोपाठ."

पंचवीस दिवस हातात आहेत. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. विजेतलं मला काय कळतं? पण ज्याला वाचता येतं त्याने कुणाच्या दारात उभं राहायचं कारण नाही. सभेत हे वाक्य मी हात उंचावून म्हणाले होते. आत्ता लिहिताना ते जरा कमी खरं वाटतंय.

ता. ४, बुधवार

पुस्तकात पहिली पायरी भार मोजण्याची आहे. घरात काय काय चालतं, किती वॅटचं आणि किती तास. वही घेऊन खोल्या पालथ्या घातल्या.

वन्संच्या खोलीत एक पंखा आणि एक दिवा. "आणखी काही?"

"काही नाही बाई."

उशीखालून एक वायर डोकावत होती. शेकायची पट्टी. मी बघितली, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं. चैनीची वीज आधी बंद करा, असं मीच मागच्या सभेत गरजले होते ना! अर्धा तास लिहिला. "दहा मिनिटं लिही," म्हणून त्यांनी घासाघीस केली.

मग मागची खोली. तिथे नवऱ्याचं बस्तान आहे. तो पुस्तकं बांधतो. छापखाना बंद पडल्यापासून सुट्या बांधणीची कामं घरीच घेतो. गेल्या थंडीत त्याने बिछानाही तिकडे नेला. म्हणे मी घोरते. मी घोरत नाही. झोपेत एखादा मुद्दा मांडत असेन.

आतून कुलूप होतं. उघडायला वेळ लागला. कोपऱ्यात चादरीखाली चाकं असलेली पांढरी पेटी दिसली.

"हे काय रे?"

"कागदाची ओल काढायचं यंत्र. गोंद वाळत नव्हता."

"किती वॅट?"

"बघायला लागेल."

"चालतं किती?"

तो थांबला. हल्ली बोलण्याआधी थांबतो, वाक्याच्या मध्येही थांबतो. मी त्याला किती वेळा सांगितलंय, श्वास पूर्णविरामावर घ्यायचा असतो. "आठवड्यातून एकदा. तासभर," म्हणाला.

लिहिलं. बेरीज केली. संध्याकाळपासून सकाळपर्यंत पावणेदोन युनिट. बॅटऱ्यांत मावणार सात युनिटांच्या वर. म्हणजे चौथा हिस्सा खर्च, तीन हिस्से शिल्लक. एवढ्याशा गणितासाठी लोक कंपनीपुढे हात जोडून उभे असतात!

ता. ८, रविवार

लोखंडी सांगाडा उभा केला. स्लॅबमध्ये सोळा भोकं. सातव्या भोकाला ड्रिल हातातून निसटलं आणि मी कठड्यापर्यंत फेकली गेले. कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीतला वायरमन खालून गंमत बघत होता. "बाई, तिरकं बसतंय."

"तिरकंच बसवायचं असतं. सूर्य काय तुमच्या डोक्यावर उभा असतो?"

"पॅनेल नाही हो. तुमचा पाय."

पाय खरंच कठड्याच्या कडेवर होता. वर येऊन त्याने न विचारता चार बोल्ट आवळले. त्याला हातात पाना घेऊन बसलेलं बघून माझं डोकं फिरलं. त्याला खाली घालवला. हे काम बाईच्या हातून पुरं झालेलं तीस घरांना दिसायला हवं.

नवरा नटांची पिशवी घेऊन वर यायला निघाला. जिन्याच्या वळणावर जाऊन बसला. मी वरून हाका मारतेय, आणि हा म्हणतो, "प्लास्टर बघतोय. पोपडे आलेत." पाव तास पोपडे बघितले. शेवटी वन्संनीच पिशवी वर आणून दिली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. या घरात कामाचा उत्साह फक्त मला आहे.

ता. १०, मंगळवार

पॅनेल चढली. तीन-तीनच्या दोन माळा. उन्हात ठेवलेल्या पॅनेलला बटण नसतं. ऊन पडलं की तारेत वीज आलीच. म्हणून जोडताना वर चादर टाकायची. वन्संच्या नव्या चादरी घेतल्या.

"माझ्या चादरी सूर्याला कशाला?"

"तुमच्या चादरीने आज सूर्य झाकला वन्सं. इतिहासात नोंद होईल."

"इतिहासात नको. धुऊन परत दे."

एका माळेची लाल-काळी उलट धरली होती. पुस्तकातला इशारा जोड लावायच्या आधी अर्धा क्षण आठवला. सगळे जोड पुन्हा तीनदा तपासले. 

ता. १३, शुक्रवार

वीज आली!

जिन्याखाली चार बॅटऱ्या, भिंतीवर इन्व्हर्टर, जमिनीत अर्थिंगचा दांडा. दुपारी पावणेतीनला मुख्य खटका वर केला आणि स्वयंपाकघरातला पंखा फिरायला लागला. मी ओरडले, वन्संनी कानावर हात ठेवले. नवरा मागच्या दाराशी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता, अगदी सावकाश, एकेक.

"वक्तेबाई, रात्रभर चालेल का?"

त्याला मी अरे-तुरे करते आणि तो मला वक्तेबाई म्हणतो. लग्नाआधीची अट होती ती. वन्संच्या कानाला ती अजून टोचते.

"रात्रभर? दोन रात्री चालेल!"

"नक्की?"

"गणित आहे रे ते, श्रद्धा नाही."

सध्या कंपनीची तार पाठीशी आहे. बॅटरी अगदी तळाला गेली तर इन्व्हर्टर आपोआप तिच्यावर जाईल. पंधरा दिवसांनी ती तारच नसेल.

ता. १६, सोमवार

सकाळी सहाला बॅटरी तीस टक्के. पंचाहत्तर हवी होती. काल एकेचाळीस होती. मला वाटलं इन्व्हर्टरवरची आकडे दाखवणारी खिडकीच बिघडली असेल.

तीस!

ता. १७, मंगळवार

नवऱ्याने आज पुन्हा विचारलं, रात्रभर चालेल ना. पाचव्यांदा. मी खेकसले. घरातल्याच माणसाचा विश्वास नाही, तर तीस घरांनी कुठून आणायचा?  तो मागच्या खोलीत गेला आणि आतून कुलूप लावलं. आतून त्या यंत्राची घरघर येत होती. आठवड्यातून एकदा म्हणाला होता. काम वाढलं असेल, चांगलं आहे.

ता. १८, बुधवार

बॅटरीवाल्याच्या दुकानात जाऊन भांडले. माल जुना आहे, शिक्के नवे मारलेत, असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. तो शांतपणे काचेची पिचकारी घेऊन माझ्याबरोबर घरी आला. प्रत्येक कप्प्यातलं पाणी ओढून त्याची घनता दाखवली. चोवीसच्या चोवीस कप्पे ठणठणीत.

"बॅटरी चांगली आहे बाई. तिच्यातून जातंय कुठेतरी."

"कुठे?"

"ते तुमच्या घरात बघा."

जाताना मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

आणखी एक. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे पाच कॅन आणले होते, दोनच उरलेत. मी एकच वापरला. वन्संना विचारलं तर म्हणाल्या, "सांडलं असेल." दोन कॅन सांडले आणि फरशी कोरडी? कुठेतरी पाणी मुरतंय, हे आता शब्दशः खरं आहे.

ता. २०, शुक्रवार

फ्रिज दोन रात्री बंद ठेवला. फरक नाही. अर्थिंग उकरून पुन्हा भरलं. फरक नाही. आज सकाळी अठ्ठावीस टक्के.

शेवटी वायरमनला बोलावलं. बॅटऱ्यांवर हात फिरवला, इन्व्हर्टरकडे बघितलं, मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाई, तार राहू द्या ना एक. कोपऱ्यात पडून राहील. तुम्हाला काय खाते?"

"तार राहिली तर मग मी सभेत काय बोलले?"

"सभेचं सभेत."

"तुम्हाला कंपनीचं कंत्राट मिळालंय का?"

त्याचा चेहरा पडला. वीस वर्षं आमच्याकडे येतोय. चहा न घेता गेला. वन्सं त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघितलं. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध गट तयार होतोय.

ता. २१, शनिवार

पुढच्या शनिवारच्या भाषणासाठी जुने मुद्दे काढून बसले. छापखाना बंद पडला तेव्हाचं भाषण सापडलं. किती चांगलं होतं ते! "माझ्या घरातलंच उदाहरण देते," असं म्हणून मी नवऱ्याचं सांगितलं होतं: तीस वर्षं पुस्तकं बांधणारे हात, आणि एका सकाळी दाराला कुलूप. सभागृह रडलं. दुसऱ्या दिवशी लोक त्याला भेटायला आले, कुणी फळं आणली, कुणी जुने कपडे. त्यानंतर तो तीन आठवडे घराबाहेर पडला नव्हता. कामच नव्हतं, जाणार कुठे.

अठ्ठावीसचं भाषण असं सुरू करेन: अंधार निसर्गाचा नसतो, कुणीतरी तो तुमच्या घरात वाटून दिलेला असतो. बरं आहे. पण बॅटरीचा आकडा सारखा मध्ये येतो. भाषणात आकडा विसरता येतो, जिन्याखाली येत नाही.

ता. २४, मंगळवार

दोन दिवस ढग. बॅटरी दिवसाही भरत नाही. पहाटे कधीतरी इन्व्हर्टर कंपनीच्या तारेवर गेला. सकाळी खिडकीत तिचं चिन्ह पेटलेलं. शनिवारनंतर असं झालं तर घर काळं पडेल. पडलं तर पडलं. लोक शेकडो वर्षं अंधारात राहिलेच की. तासभर पंखा नसला म्हणून कुणी मरत नाही.

हे मी मोठ्याने म्हणाले. वन्सं भाजी निवडत होत्या. उठल्या, ताट तिथेच ठेवलं आणि खोलीत निघून गेल्या.

ता. २५, बुधवार

आज ठरवलं. सगळे खटके एकेक करून पाडायचे आणि खिडकीत वॅट कुठे कमी होतात ते बघायचं. ज्या खोलीत चोरी असेल ती सापडेल. जेवताना दोघांना सांगितलं, "परवा शुक्रवारी दुपारी तासभर घरातली वीज जाईल. जे उरकायचंय ते आधी उरकून घ्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता?"

"तीनला."

"नक्की तीनला?"

हा माणूस असा घड्याळाचा कधीपासून झाला?

ता. २६, गुरुवार

लिहायलाच हवं. हात चालत नाही तरी.

मला शुक्रवारपर्यंत थांबवेना. थांबणं मला कधी जमलंच नाही. आज सकाळी अकराला जिन्याखाली बसले. खिडकीत पाचशे वीस वॅट. पुढच्या खोलीचा खटका पाडला: चारशे सत्तर. स्वयंपाकघर: तीनशे ऐंशी. वन्संची खोली: तीनशे पन्नास. राहिली मागची खोली, एक पंखा, एक दिवा आणि आठवड्यातून तासभर चालणारं ते यंत्र. आणि साडेतीनशे वॅट. मला आनंद झाला, हे लिहून ठेवते. सापडला चोर, असं मी मोठ्याने म्हणाले आणि खटका खाली केला.

खिडकीत शून्य.

आणि मागच्या खोलीतून एक कर्कश टीं-टीं-टीं सुरू झालं, न थांबणारं.

वन्सं स्वयंपाकघरातून माझ्या अंगावरून धावत गेल्या. त्यांचं वय एकाहत्तर. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना एकेक पायरीने चढतात, आणि त्या धावल्या. दार आतून बंद होतं. त्यांच्याकडे किल्ली होती. मी मागोमाग.

तो बिछान्यावर तीन उशांना टेकून बसला होता. पांढऱ्या पेटीवरची चादर काढलेली. पेटीपासून नळी निघून त्याच्या नाकात गेलेली, आणि पेटीवर एक छोटी बाटली, माझ्या शुद्ध पाण्याने अर्धी भरलेली. ओठांचा रंग मी कधी बघितला नव्हता असा. वन्संनी पलंगाखालून ऑक्सिजनचा हिरवट सिलिंडर ओढला, नळी तिकडून काढून इकडे खोचली, वरची चावी फिरवली, काट्याकडे बघितलं, थोडी मागे घेतली. एकदाही अडखळल्या नाहीत. या हातांनी हे काम कितीतरी वेळा केलं होतं.

मग माझ्याकडे वळून त्या ओरडल्या. या घरात पहिल्यांदाच. "उभी काय राहिलीस? खटका वर कर!"

मी गेले. खटका वर केला. परत येईपर्यंत टीं-टीं थांबलं होतं आणि घरघर सुरू झाली होती.

बराच वेळ तो फक्त श्वास घेत होता. मी त्याच्या पायाशी बसले.

"कधीपासून?"

"थंडीपासून." श्वास. "फुप्फुसं कडक होत चाललीत. आधी रात्रीच लागायचं. आता दिवसाही."

"डॉक्टर?"

"कागद आणायला म्हणून बाहेर जायचो ना मी. ते डॉक्टरकडे."

"वायरमनला माहीत आहे."

"प्लग त्यानेच बसवला."

"मला नाही सांगितलंस."

"तू सांगितलं असतंस."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बघ, आत्ताही. सुरुवातीचं वाक्य सुचलं ना तुला?"

सुचलं होतं. देवाशपथ नाही म्हणत, कारण मी देव मानत नाही. पण सुचलं होतं. *एका घरात एक माणूस श्वासासाठी कंपनीच्या तारेला टांगलेला आहे.* मी ते गिळलं.

"फळं घेऊन येतात लोक," तो म्हणाला. "खुर्ची ओढून समोर बसतात. माझ्याकडे बघून तुझं भाषण आठवतात. मी तुझा नवरा म्हणून राहिलो, वक्तेबाई, बाइंडर म्हणून राहिलो. उदाहरण म्हणून नाही मरायचं मला."

वन्सं म्हणाल्या, "आता जेवायला चला दोघं," आणि आत जाऊन रडल्या.

ता. २७, शुक्रवार, सकाळ

हिशेब मांडला. ते यंत्र चोवीस तास चालवायचं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट. माझं छप्पर चांगल्या उन्हात नऊ देतं, ढगात तीन. तार नसेल तर पहिल्याच ढगाळ आठवड्यात.

त्याला विचारलं, "कंपनीकडे अशा घरांची यादी असते म्हणे. वीज घालवायच्या आधी ते कळवतात. नाव देऊ?"

तो म्हणाला, "यादीत घाल. सभेत नको."

ता. २७, संध्याकाळ

साहेबाच्या टेबलासमोर जाऊन बसले. जोडणी तोडण्याचा अर्ज मागे घेण्याचा अर्ज.

"कारण?" त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं. "उद्या दहाला आमचा लाइनमन पाठवायचा ठरला होता. मी स्वतः येणार होतो बघायला."

मी दुसरा कागद पुढे सरकवला. यादीचा. त्याने वाचला. पुन्हा वाचला. आणि उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाही कळलं नसावं. उभा राहून टेबलावरची पेनं सरळ करत राहिला.

"कधीपासून आहे त्यांना?"

"थंडीपासून."

"बाई, उद्या सभेला मी येऊन सांगतो. लोक माझं... म्हणजे, तुम्हाला उगाच कुणी काही बोलायला नको."

"एक शब्द बोलायचा नाही."

"पण..."

"साहेब, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडे काही मागतेय. गप्प बसा."

त्याने शिक्का मारला. दारापर्यंत आला. ज्याच्या नावाने मी वर्षभर सभा जिंकल्या तो माणूस दार धरून उभा होता, आणि मला काय वाटायला हवं तेच कळेना.

ता. २८, शनिवार

सभागृह भरलं होतं. तीस घरं होतीच, वर शंभर माणसं. दारात उभे होते लोक. घसा नेहमीसारखा गरम झाला. अशा गर्दीपुढे माझ्या तोंडातून शब्द आपोआप निघतात. आज ते दातांनी अडवावे लागले.

म्हणाले, "मी जोडणी तोडत नाही. छपरावरचं काम चांगलं झालंय, तुम्हीही बसवा. पण तार राहू द्या."

संपलं. लोक थांबले होते. त्यांना वाटलं ही सुरुवात आहे.

शिवणकाम करणारी बाई उठली. "पण का?"

"कारण सांगणार नाही."

"म्हणजे? मी दोन पॅनेल घेऊन ठेवलीत, बाई. तुमच्या शब्दावर."

"ती बसवायला मी येईन. कारण सांगणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबाने काय कबूल केलं बाईंना?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "काल संध्याकाळी ऑफिसात दार धरून उभा होता म्हणे!" आणखी हशा.

पस्तीस वर्षांत मी कुठल्याही टवाळीला उत्तर न देता खाली बसले नव्हते. बसले. खुर्ची थंड होती. वायरमन पहिल्या रांगेच्या टोकाला होता. तो हसला नाही. सगळे गेले तरी बसून राहिला, आणि मग माझ्या मागे दोन पावलं ठेवून घरापर्यंत चालत आला. मी म्हणाले, "कंत्राटाचं बोलले ते..." तो म्हणाला, "यंत्राला वेगळी बॅटरी लावू बाई. तार गेली तर मध्ये क्षणाचा खंड नको." मंगळवारी येतोय. पाना त्याच्याच हातात देणार आहे.

घरी नवऱ्याने विचारलं, "किती बोललीस?"

"तीन-चार वाक्यं."

"लोक?"

"हसले."

त्याने माझा हात धरला नाही वगैरे. उशी सरकवून बसायला जागा केली.

ता. २९, रविवार

दूधवाली बोलत नाही. समोरच्यांनी खिडकी लावली. भिंतीवर कोळशाने कुणीतरी लिहून गेलंय. वन्संनी मी उठायच्या आत पुसलं, पण माझं नाव अजून दिसतं. घरभर फेऱ्या घालतेय. जिन्याखाली जाते, आकडा बघते, वर येते. बोलायचंय. घसा दुखतोय न बोलून.

ता. ३०, सोमवार

दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गच्चीवर जाऊन आले. सांगाडा बसवला. तिने तीनदा कारण विचारलं, मी तीनदा म्हणाले, "तो बोल्ट धर." चौथ्यांदा तिने विचारलं नाही, पाणी आणून दिलं.

परत आले तेव्हा नवरा जागा होता. एक कादंबरी मांडीवर, कणा सुटलेली, सुई-दोरा हातात. म्हणाला, "तीन दिवस झाले, ओठ हलतायत तुझे. काय आहे?"

"काही नाही."

"भाषण आहे. शनिवारचं. न केलेलं."

"हो."

"चांगलं आहे?"

"आयुष्यातलं सगळ्यात चांगलं आहे रे," मी म्हणाले. "तुझ्याशिवाय ते होत नाही, आणि तुला घेऊन करता येत नाही."

त्याने सुई दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली. "दार लाव. कर."

"कुणासमोर?"

"मी आहे. ताई, तूही ये आत." वन्सं हात पुसत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

उभी राहिले. खोली दहा बाय दहाची, हात उंचावला तर पंख्याला लागेल. आधी हळू बोलले, यंत्राच्या घरघरीवर आवाज बेतून. मग विसरले. एका आकड्याला त्याने अडवलं, "तीनशे नाही, साडेतीनशे." एका वाक्याला म्हणाला, "हे जरा जास्त होतंय." एका ठिकाणी वन्सं हसल्या, आणि मला तिथे विनोद आहे हेच माहीत नव्हतं. वीस मिनिटं. शेवटी तो डोळे मिटून होता. झोपला की काय म्हणून मी थांबले, तर म्हणाला, "थांबू नको. शेवट राहिलाय."

शेवट केला.

खूप वेळाने, दोन श्वासांच्या मध्ये, त्याने मला काहीतरी सांगितलं. आणि नंतर: "वक्तेबाई, हे वहीत नको."

नाही लिहीत.